खरं सांगून न्या

मला कोणी सहज म्हणालं, "चला, जरा जाऊन येऊ," तर चप्पल घालायच्या आधी मी तीन प्रश्न विचारते. कुठे, कोण कोण, आणि परत कधी. ऑफिसातले लोक हसतात. म्हणतात, बाई तहसील कचेरीत राहून राहून स्वतःच तहसील झाल्या. हसू देत. हे प्रश्न मी कचेरीत शिकले नाही, जीपमध्ये शिकले.

एकोणीस वर्षांपूर्वीचे थंडीचे दिवस. मी तेव्हाही अमळनेरला, याच कचेरीत होते. नवरा त्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असताना गेला, मूलबाळ नव्हतं, त्याच्या जागी मला अनुकंपावर घेतलं आणि अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, बसवलं. त्या थंडीत मला झोप लागेनाशी झाली. झोप नाही आणि थकवाही नाही. डोकं असं चालायचं की मला वाटे, आजवर मी मंद होते आणि आत्ताच कुठे शहाणी झाले. सातबाऱ्यावरच्या चुका मला दिसायला लागल्या आणि त्या दुरुस्त करून घ्या म्हणून मी परस्पर शेतकऱ्यांना घरपोच पत्रं लिहिली. साहेबांना चाळीस पानी टिपणी दिली. बाजारात भाजीवालीला जमीन महसूल समजावून सांगत उभी राहिले. गंमत म्हणजे पत्रांतल्या निम्म्या चुका खऱ्या निघाल्या. पण आजारी होते, हेही खरं. ते मी कधी नाकारलेलं नाही आणि इथेही नाकारणार नाही.

कचेरीतून कोणीतरी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो चोपड्याच्या पलीकडे आमच्या मूळ गावी केळी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीप घेऊन दारात उभा. म्हणाला, "अक्का, चाल वावरमा. भरीत शे आज. बठ्ठा येल शेतस." म्हणजे शेतात भरीत आहे, सगळे आलेत.

खान्देशातल्या माणसाला थंडीत भरिताला बोलावणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात मोठी हिरवी वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची आणि पंगत मांडायची. भाऊबंदांत अबोला असला तरी भरिताला येतात. मी खुळ्यासारखी खूश झाले. घरात होत्या तेवढ्या हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण ठेचला, शेंगदाणे आणि कांद्याची पात घेतली, सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. मागे भावजय होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, तिला गाडी लागते.

जीप चोपड्याच्या रस्त्याला वळली नाही. मी बोलतच होते, त्यामुळे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. चोपड्याला जायचं म्हणजे वाटेत तापी लागते. पूल आला की आमच्याकडे बाया नदीत नाणं टाकतात. मी हातात रुपया धरून बसले होते. बराच वेळ झाला, बोलता बोलता माझ्याजवळचं बोलणंही संपत आलं, आणि तापी काही येईना. मी विचारलं, नदी कुठे गेली? भाऊ समोर बघून गाडी चालवत होता. म्हणाला, रस्त्याचं काम चालू आहे, लांबून जावं लागतं.

आम्ही धुळ्याच्या बाजूला एका खासगी दवाखान्यापाशी थांबलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या दोन बायांनी मला दंडाला धरून आत नेलं. मारलं वगैरे नाही. डॉक्टर बसले होते, त्यांनी माझ्या समोर माझ्याबद्दल भावाला विचारलं. झोपते का? जेवते का? आधी कधी असं झालं होतं का? मी समोर खुर्चीत, डबा मांडीवर. भाऊ उत्तरं देत होता आणि त्यातली दोन चुकीची होती. मी ती दुरुस्त केली तर डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणजे माझं म्हणणं नाही, मी मध्येच बोलले हे लिहून घेतलं. मग भावाने सही केली. जुना कायदा होता, नातेवाइकाची सही चालायची. मला कोणी विचारलं नाही. डबा त्यांनी काढून घेतला, आत स्टील चालत नाही म्हणाले.

सव्वीस दिवस होते मी तिथे. औषधांनी बरं वाटलं, ते आजही घेते आणि घेत राहीन. तिथला आयाबायांचा उद्धटपणा, दाराची बाहेरची कडी, खिडकीतून दिसणारं एक कडुलिंबाचं झाड, हे सगळं मी कधीच माफ करून टाकलं. भरिताचं मात्र माफ केलं नाही. त्यानंतर अठरा वर्षं मी भरीत खाल्लं नाही. जळगाव जिल्ह्यात राहून, दर थंडीत दहा ठिकाणची बोलावणी येत असताना. लोकांच्या शेतात जाऊन मी पातीचा कांदा आणि पुरी खाऊन परत यायचे. पित्त होतं, असं सांगायचे. कोणाला पटायचं नाही, पण बाईमाणसाच्या पित्ताची चौकशी कोण करत बसणार.

मला राग कशाचा होता, हे नीट सांगायला हवं, कारण भावालाही ते कळायला फार वर्षं लागली. मला दवाखान्यात नेलं याचा राग नव्हता. मला खोटं सांगून नेलं, याचा होता. ज्याचं डोकं आधीच त्याला फसवतंय, त्याला घरच्यांनीही फसवायचं? मग त्याने धरायचं काय? बरी होऊन घरी आल्यावर मी कोणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवू शकले नाही. भावजयीने चहात साखर घातली तरी मला वाटे, गोळी घातली असेल. लोक म्हणत, अजून पुरती बरी नाही झाली. अरे, मी बरी झाले होते, तुम्हीच खोटे निघाला होता.

नवा कायदा मला कचेरीनेच भेटवला. जळगावला मानसिक आरोग्यावर एक दिवसाची कार्यशाळा होती, प्रत्येक कचेरीतून एक प्रतिनिधी पाठवा असं पत्र आलं. कोणालाच जायचं नव्हतं. एकाने सरळ सांगितलं, वेड्यांच्या कार्यक्रमाला जाऊन कोण नाव खराब करून घेईल. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हे साहेब नवे होते, त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. जुन्यांना ठाऊक होतं, ते टेबलाखाली बघायला लागले. मी म्हटलं, जाते.

तिथे एक तरुण डॉक्टर बाई बोलल्या. म्हणाल्या, जुना कायदा गेला, दोन हजार सतराचा नवा आला. आता माणसाला साखळीने बांधणं गुन्हा आहे. भूल न देता विजेचे झटके देता येत नाहीत. भरती केलेल्या माणसाला तक्रार करता येईल असं एक मंडळ आहे. कायदा दिल्लीत झाला, पण त्याचे नियम, मंडळं, माणसं राज्याने उभी करायची असतात आणि त्याला वेळ लागला, हे त्यांनी जरा चाचरत सांगितलं. माझ्या शेजारी बसलेला ग्रामसेवक पुटपुटला, कायदा मुंबईहून बसने निघाला आणि चाळीसगावलाच चहाला उतरला. मला हसू आलं. मग त्यांनी जे सांगितलं त्याने मात्र मी सरसावून बसले. बरं असताना माणूस लिहून ठेवू शकतो, की पुढे मी आजारी पडले तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. त्याला अग्रिम निर्देश म्हणतात. आणि आपल्या वतीने बोलायला एक माणूस नेमू शकतो, तो नातेवाईकच हवा असं नाही.

मी हात वर केला. विचारलं, खोटं बोलून नेण्याबद्दल कायद्यात काही आहे का?

डॉक्टर बाई म्हणाल्या, त्या शब्दांत नाही. पण तुम्हाला कसं वागवलेलं चालेल आणि कसं चालणार नाही, हे निर्देशात लिहिता येतं. ते तुम्ही लिहू शकता. "तुम्ही" म्हणजे त्यांच्या मनात सगळेच असावेत. मी ते माझ्यासाठीच ऐकलं.

दुसऱ्या दिवशीपासून मी कागदाच्या मागे लागले. आता हसू नका, पण आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या बाईने स्वतःचा पहिला महत्त्वाचा कागद बिघडवला. कायद्यात प्रतिनिधी नेमायला साधा कागद पुरतो. मला ते सांगितलेलं होतं, तरी माझा विश्वास बसेना. आमच्याकडे साध्या कागदावर लिहिलेलं किराणा दुकानदारही मानत नाही. स्टॅम्प हवा, शिक्का हवा, दोन फोटो हवेत, त्याशिवाय कागदाला वजन येत नाही. मी कोर्टाबाहेरच्या एका दस्तलेखकाकडे गेले. जुना माणूस, हाताखालून हजारो दस्त गेलेले. त्याला मी समजावलं की पुढे माझं डोकं ठिकाणावर नसेल तेव्हाची व्यवस्था आज लिहायची आहे. तो म्हणाला, समजलं, उद्या या.

उद्या गेले तर त्याने मृत्युपत्र तयार ठेवलेलं. त्याच्याकडे साचे तीनच, प्रतिज्ञापत्र, हक्कसोड आणि मृत्युपत्र. "पुढची व्यवस्था" म्हटल्यावर त्याचा हात सवयीने तिसऱ्यावर गेला. मी पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, देहाचा भरवसा नसल्याने... आणि त्याखाली माझी वाक्यं, मला खोटं सांगून नेऊ नये, माझ्याशी बोलावं, माझ्याबद्दल नव्हे. वाचून मला हसावं की रडावं कळेना. पहिलं वाक्य मला आवडलं, ते ठेवू म्हटलं. बाकीचं रद्द करा. तो नाराज झाला. म्हणाला, बाई, देह काय, डोकं काय, भरवसा दोन्हींचा नाही.

पण तोवर बातमी फुटली होती. आमच्या गावचा एक जण तिथे तारखेला आला होता, त्याने टेबलावरचा कागद वाचला. संध्याकाळच्या आत भावाला कळलं की अक्काने मृत्युपत्र केलं. भाऊ मोटारसायकल घेऊन अमळनेरला आला. मला वाटलं, शेताच्या हिश्शावरून भांडायला आला. दार उघडलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तो घरात शिरला आणि आधी स्वयंपाकघरात गेला, मग मोरीत, मग पलंगाखाली वाकून बघितलं. औषधाची बाटली शोधत होता. त्याला वाटलं, मी जीव देणार आहे, म्हणून निरवानिरव करतेय.

मी त्याला पाणी दिलं, दस्तलेखकाचा तो कागद दिला. तो सावकाश वाचत गेला. खोटं सांगून नेऊ नये, या ओळीवर थांबला. त्याने तिच्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "खरं सांगतू तं तू जीपमा बसतीच नही, अक्का."

इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलत होतो. मी म्हटलं, "तू माले इचारं व्हतं का?"

त्याने मान हलवली. नाही, विचारलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी तोही घाबरलेला होता. सत्तावीस वर्षांचा होता, वडील नुकतेच गेले होते, आणि थोरली बहीण बाजारात भाजीवालीला जमीन महसूल शिकवत होती. त्याला कोणीतरी सांगितलं असेल, अशा माणसाला सांगून न्यायचं नसतं, फसवूनच न्यायचं. सगळे तसंच करतात. हे सगळं मला कळलं, तरी मी त्याला ठीक आहे म्हटलं नाही. कारण ते ठीक नव्हतं.

त्याहून मोठा घाव पुढच्या ओळीत होता. प्रतिनिधी म्हणून मी त्याचं नाव लिहिलं नव्हतं. शेजारच्या आपाचं लिहिलं होतं. आपा शिवणकाम करते, तिच्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. माझी झोप उडाली की सगळ्यांत आधी तिला कळतं, कारण मी पहाटे भांडी घासताना गायला लागते. ती मला समजावत नाही, उपदेश करत नाही, फक्त सकाळी येऊन विचारते, ताई, काल किती वाजता झोपली? आणि मी खोटं सांगितलं तर तोंडावर सांगते, खोटं आहे, मी ऐकत होते. भाऊ म्हणाला, रक्ताचं माणूस असताना परक्या जातीची, परक्या धर्माची बाई? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांनी तुला तेव्हा काय करायचं ते सांगितलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं. तो न जेवता निघून गेला.

कागद मी शेवटी साध्याच कोऱ्या कागदावर, माझ्याच अक्षरात लिहिला. दोन साक्षीदार कचेरीतलेच घेतले, तेच टेबलाखाली बघणारे. आपल्या नावावर कोणाची जबाबदारी येतेय का, हे त्यांनी पाच वेळा विचारलं. मग मी रजा टाकून जळगावला गेले, तो त्या मंडळाकडे नोंदवायला. खिडकीवरच्या माणसाने कागद उलटा-सुलटा करून बघितला. असा अर्ज आपल्याकडे आलेलाच नाही, म्हणाला. मी म्हटलं, मग हा पहिला. तो म्हणाला, नात्याच्या रकान्यात शेजारी लिहिलंय, ते बसत नाही. मी कायद्याची प्रत काढून कलमावर बोट ठेवलं. तो वैतागला. म्हणाला, असं करा, रुग्णाला घेऊन या, नाहीतर त्याच्या घरच्यांना पाठवा.

मी म्हटलं, "रुग्ण समोर उभी आहे."

त्याने चष्मा वर केला. मागच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर केली. लाज वाटायला हवी होती ती मला नव्हती वाटत, त्या खिडकीलाच वाटत असावी. साहेब जेवायला गेलेत, उद्या या, असं तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं लोकांना म्हणत आले आहे, त्यामुळे ते कुठे मोडतं हे मला चांगलं माहीत आहे. मी म्हटलं, साहेब येऊ देत सावकाश, तुम्ही आवक क्रमांक टाका आणि पोच द्या, मी बाकावर बसते. साडेतीनपर्यंत बसले. पोच घेऊन उठले. गोल निळा शिक्का, जरा वाकडा. तो कागद घरी आणून मी देवाच्या फोटोमागे नाही, आपाच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवला, कारण लागेल तेव्हा तो तिला सापडायला हवा होता.

गेल्या वर्षी तो लागला.

ते दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतात, मधले सांधे आपाने भरले आहेत. माझं गाणं सुरू झालं. आपाने तीन दिवस विचारलं, किती वाजता झोपली. चौथ्या दिवशी मी तिला घराबाहेर काढलं आणि सांगितलं की तू माझ्या फाइली चोरतेस. तिने मशीनच्या खणातून कागद काढला आणि माझ्या भावाला फोन केला. गाडी त्याच्याकडेच होती. फोनवर तिने त्याला कागदातलं वाचून दाखवलं. ती म्हणते, तो फक्त येतो म्हणाला.

तो सकाळी दहाला आला. पुन्हा थंडीचे दिवस, पुन्हा दारात गाडी. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि विचारलं, कुठे? त्या वेळी माझ्या डोक्यात हजार गोष्टी धावत होत्या, पण हा प्रश्न मला स्पष्ट आठवतो, आणि त्याचा चेहराही. आपा सांगणार होती, कागदाप्रमाणे ते तिचं काम होतं. पण तोच पुढे झाला.

"अक्का, भरीत नही शे," तो म्हणाला. "दवाखानामा जाई ऱ्हायनूत आपण. तुनी तब्बेत बिघडेल शे."

मी नाही म्हटलं. मी त्याला काय काय म्हटलं ते आपाने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तवा फेकला, तो दाराला लागला, दाराची चीर अजून आहे. दार लावून घेतलं. ते दोघं ओट्यावर बसले. दर थोड्या वेळाने भाऊ दाराला तोंड लावून तेच सांगायचा, त्याच शब्दांत, कमी नाही, जास्त नाही. गल्लीतले लोक जमले. एक जण म्हणाला, काय तमाशा, देवदर्शनाला म्हणून उचलून न्या ना सरळ. आपाने त्याला घरी पाठवलं, कोणत्या शब्दांत ते गल्ली अजून सांगते. मी आतून ऐकत होते. बाहेर माझ्याबद्दल जे बोललं जात होतं आणि मला जे सांगितलं जात होतं, ते एकच होतं. असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं, आणि माझ्या बिघडलेल्या डोक्यालाही ते कळलं.

खोट्याने मला दहा मिनिटांत जीपमध्ये बसवलं होतं. खऱ्याला दुपारचे तीन वाजले. तीनला मी दार उघडलं, साडी बदलली, औषधांची पिशवी घेतली, तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळाली. परत कधी, याचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असंच आपा म्हणाली. मी गाडीत बसले. खूश होऊन नाही. शिव्या देत बसले, पण माझ्या पायांनी बसले.

या वेळी धुळ्यालाच, पण सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. झोप येते का, असं मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय. त्यांनी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं. प्रतिनिधी म्हणून आपाने सही केली आणि मला सांगण्यात आलं की ही भरती मान्य नसेल तर मी मंडळाकडे दाद मागू शकते. मग काय, मी कागद मागितला आणि दोन पानी तक्रार लिहिली. बरी झाल्यावर ती वाचली, त्यातलं दीड पान चहाबद्दल होतं. पण ती तक्रार त्यांनी घेतली, पोच दिली. सतरा दिवसांनी मी घरी आले. कोणाच्या चहात गोळी आहे असं एकदाही वाटलं नाही.

काही लोक मला अजून सांगतात, कायदेबियदे शहरातल्यांसाठी, आजारी माणसाला कसले हक्क, त्याला समजतं का काही. तालुक्याला मनाचा डॉक्टर नाही, दवाखान्यात खाटा नाहीत, हे त्यांचं खरं आहे, आणि त्यासाठी भांडायला मी तयार आहे, निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. पण समजत नाही, हे चूक आहे. मला सगळ्यांत वाईट दिवशीसुद्धा समजत होतं की कोण खरं बोलतंय. निर्देशाच्या नमुन्याच्या प्रती काढून मी आता अभिलेख कक्षात ठेवल्या आहेत. कोणी चोरपावलांनी येऊन विचारलं, बाई, आमच्या घरात एक जण आहे, तर आधी त्यालाच घेऊन या म्हणते. साधा कागद पुरतो, हेही सांगते. कोणाचा विश्वास बसत नाही.

घरी आल्यावर महिनाभराने भावाचा फोन आला. थंडी संपत आली होती. त्याने नेहमीसारखं चल म्हटलं नाही. विचारलं, वांगी निघाली आहेत, रविवारी शेतात येशील का? मी म्हटलं, कोण कोण? त्याने नावं सांगितली, आपालाही बोलावलं होतं. परत कधी? संध्याकाळी पाचला अमळनेरला सोडतो. मी मिरच्या भाजल्या, लसूण ठेचला, पात घेतली. डबा तोच होता, तेव्हा सुटल्यावर त्यांनी परत दिला होता, मी कधी वापरला नव्हता.

गाडीत आपा मागे बसली, मी पुढे, डबा मांडीवर. हातात रुपया धरला होता. गाव सुटलं, गाडी चोपड्याच्या रस्त्याला लागली. भावाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. मग तापी आली.